गणेशपुरीच्या कुंडातले शेवाळ आणि आपल्या शेततळ्यातले हिरवे पाणी

(ऊस विकास विभागाकडून)



गळीत हंगाम आटोपला, शेवटची बिले जमा झाली की आपल्या भागातून देवदर्शनाला निघणाऱ्या गाड्या वाढतात. त्यातल्या पुष्कळशा वज्रेश्वरी-गणेशपुरीला जातात. ठाणे जिल्ह्यात, भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठाने ही गावे आहेत. वसईच्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधविलेले वज्रेश्वरीचे देऊळ, गणेशपुरीत नित्यानंद स्वामींची समाधी (स्वामी १९६१ साली समाधिस्थ झाले), भीमेश्वराचे मंदिर आणि त्याच्या जवळची गरम पाण्याची कुंडे. दर्शन झाले की कुंडात अंघोळ करायची आणि मग परतीला लागायचे, असा बहुतेकांचा शिरस्ता.

मागे अशाच एका सहलीत आपल्या काही सभासदांबरोबर मीही होतो. कुंडाच्या कडेला, पाणी वाहून जाते त्या ठिकाणी, दगडावर हिरवा-काळपट गिळगिळीत थर दिसला. आमच्याबरोबर एक वयस्कर सभासद होते, त्यांना सगळे आबाच म्हणतात. त्यांनी बोटाने तो थर खरवडून पाहिला आणि मला म्हणाले, "साहेब, आपण बेणं पन्नास डिग्रीच्या पाण्यात दोन तास ठेवतो, ते रोग मरावा म्हणून. मग हे शेवाळ इथं उकडून कसं मरत नाही?" दुसरा एक तरुण सभासद लगेच म्हणाला, "आमच्या शेततळ्यात पण हिरवं झालंय. ते पाणी साफ करतं का घाण करतं, एवढं सांगा."

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे सोपे नाही, आणि पैसा गुंतलेला आहे तो त्यातच. म्हणून हा लेख.

गरम पाण्यातली वस्ती

कोकणपट्टीत उत्तरेकडच्या सातिवली, गणेशपुरी, अकलोलीपासून ते खाली राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत गरम झऱ्यांची एक रांगच आहे. इथे कुठे जागता ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी काळ्या पाषाणातल्या खोल भेगांतून खाली जाते, तिथे तापते, क्षार विरघळवून घेते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. गणेशपुरी परिसरातली कुंडे साधारण चाळीस ते पंचावन्न अंशांच्या आसपास असतात. काही कुंडांत पाय टाकवत नाही, काहींत सुखाने बसता येते.

या पाण्यात वाढणारे शेवाळ मुख्यतः 'नील-हरित' जातीचे. शास्त्राच्या हिशेबाने ते जिवाणूंच्याच कुळातले आहे. पण झाडासारखे उन्हावर जगते, हिरवे दिसते, म्हणून व्यवहारात आपण शेवाळच म्हणतो. इथल्या शेवाळांचा अभ्यास फार आधीच झालेला आहे. एला गोन्साल्विस या मुंबईच्या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी वज्रेश्वरीच्या गरम झऱ्यांतील शेवाळांवरचा निबंध १९४७ साली मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. आपण तिथे नारळ फोडून परत येतो. त्या बाई बाटल्यांतून शेवाळ घेऊन परत गेल्या, इतकाच काय तो फरक!

आबांच्या प्रश्नाचे उत्तर असे की, प्रत्येक जिवाची सोसण्याची हद्द वेगळी असते. गवताळ वाढीच्या रोगाचा जंतू पन्नास अंशांत दोन तासांत कमजोर पडतो, तर नील-हरित शेवाळाच्या काही जाती जवळजवळ ७३ अंशांपर्यंत तग धरतात. त्याच्यावर मात्र उन्हावर जगणारा कोणताही जीव आढळत नाही.

इथे एक गैरसमज दूर करतो. कुंडाचे पाणी गरम आहे म्हणून त्यात रोगजंतू उरत नाहीत, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पाण्यात विष्ठेतले जिवाणू आहेत का हे तपासताना प्रयोगशाळेत नमुना मुद्दाम ४४.५ अंशांवर ठेवतात, कारण त्या तापमानाला ते मजेत वाढतात. तेव्हा कुंडात अंघोळ जरूर करावी, पण उघडी जखम घेऊन उतरू नये आणि चूळही भरू नये. श्रद्धेला याने बाधा येत नाही.

शेवाळ काय सोडते?

आता मुद्द्याकडे येतो. शेवाळ दिवसभर उन्हात आपले अन्न तयार करते, उसासारखेच. पण तयार केलेला सगळा माल ते घरात ठेवत नाही. काही भाग पाण्यात सुटतो. त्यात साखरेसारखे पदार्थ असतात, सेंद्रिय आम्ले असतात, बुळबुळीत चिकट द्रव्य असते, आणि काही जातींत जिवाणूंना किंवा जनावरांना बाधणारे पदार्थही असतात. शेवाळाची एक पेशी म्हणजे किती लहान? क्लोरेला नावाच्या गोल शेवाळाच्या शंभर-दोनशे पेशी ओळीने मांडल्या तर एक मिलिमीटर भरते. त्या प्रत्येक पेशीभोवती या सुटलेल्या पदार्थांचे एक वलय असते आणि त्यात जिवाणू गोळा होतात. उसाच्या मुळाभोवती अ‍ॅझोटोबॅक्टर जमतात ते मुळातून पाझरणाऱ्या द्रव्यासाठी, हे आपण गटसभांतून पुष्कळदा बोललो आहोत. तोच प्रकार. १९७२ साली बेल आणि मिचेल या दोघा अमेरिकन संशोधकांनी शेवाळाभोवतीच्या या वलयाला मुळाभोवतीच्या थराच्या धर्तीवर स्वतंत्र नावच दिले.

गरम झऱ्यांवर याची परीक्षा अमेरिकेतल्या यलोस्टोन येथे झाली. तिथले झरे गणेशपुरीपेक्षा पुष्कळ गरम, पण दगडावरचा थर त्याच जातीचा: वर हिरवा, खाली भगवट-तांबूस. टॉमस ब्रॉक आणि जॉन बॉल्ड यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शेवाळाला किरणोत्सर्गी खूण केलेला कर्बवायू दिला. ज्याप्रमाणे आपण उसाच्या ट्रकला नंबर देतो आणि तो काट्यावर कुठे गेला ते पाहतो, तसेच हे. खूण केलेला कर्ब प्रथम शेवाळात गेला, त्यातला काही पाण्यात सुटला आणि शेवटी शेजारच्या जिवाणूंच्या अंगात सापडला. म्हणजे वरचा हिरवा थर कमावतो आणि त्याच्या सांडलवंडीवर खालचे जिवाणू जगतात. पुढे असेही दिसून आले की भर उन्हात, पाण्यात प्राणवायू फार झाला आणि कर्बवायू कमी पडला की शेवाळ ग्लायकोलेट नावाचे आम्लद्रव्य जास्त सोडते. जिवाणूंना ते आयतेच मिळते.

व्यवहार एकतर्फी नाही. बी-१२ जीवनसत्त्व शेवाळाच्या अनेक जातींना लागते, पण स्वतः तयार करता येत नाही. २००५ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी ३२६ जातींची माहिती एकत्र केली तेव्हा त्यांतल्या १७१ जातींना हे जीवनसत्त्व बाहेरून लागते असे निघाले. त्यांनी दाखविले की ते जिवाणूंकडून मिळते. सहकार म्हणतात तो असा, भागभांडवल न भरता!

पण तेच शेवाळ मारतेही

दुसरे महायुद्ध चालू होते. पेनिसिलीन नुकतेच हाती आलेले, आणि जो तो बुरशीत, मातीत, झाडपाल्यात जंतुनाशक शोधत होता. कॅलिफोर्नियात रॉबर्टसन प्रॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरेला शेवाळ वाढविलेल्या पाण्यातून एक अर्क काढला. तो पू करणाऱ्या व इतर काही जिवाणूंची वाढ रोखतो, असे त्यांनी १९४४ साली जाहीर केले. नाव दिले क्लोरेलिन. शेवाळातून निघालेले पहिले जंतुरोधक म्हणून ते आजही सांगितले जाते. गंमत अशी की, क्लोरेलाचे पाणी जुने झाले की त्यातले द्रव्य क्लोरेलाच्या स्वतःच्या वाढीलाही आवर घालते, हे प्रॅट यांनी त्याच्या आधीच नोंदविले होते.

त्या वेळी मोठी आशा निर्माण झाली. पण क्लोरेलिनची बाटली काही औषधाच्या दुकानात आली नाही. १९४९ च्या सुमारास शोध पुढे गेल्यावर असे समजले की यातला बराचसा गुण स्निग्धाम्लांचा आहे. शेवाळाच्या अंगातले तेलकट अंश उन्हाने आणि हवेने खवट होतात आणि तो खवट झालेला अंश जिवाणूंना बाधतो. शेंगतेलाचा डबा उन्हात उघडा ठेवला तर काय होते ते घरोघरी माहीत आहे. म्हणजे एकच शेवाळ, ताजे असताना काही जिवाणूंना पोसते, आणि जुने झाल्यावर, उन्हात, दुसऱ्या काही जिवाणूंना रोखते. कोणती जात, किती दाट, ऊन किती, आणि समोरचा जिवाणू कोणता, यावर सगळे अवलंबून. "शेवाळ जंतू मारते" किंवा "शेवाळाने जंतू होतात" असे जे ठोकून सांगतात त्यांचे मला नवल वाटते.

याशिवाय एक मोठी गोष्ट आहे, तिला विष म्हणता येत नाही पण परिणाम विषासारखाच होतो. दाट हिरव्या पाण्यात दुपारपर्यंत शेवाळ पाण्यातला कर्बवायू ओढून घेते. त्यामुळे पाण्याचा सामू चढत जातो. सकाळी आठ असलेला सामू दुपारी नऊच्या वर, कधी दहापर्यंत जातो. प्राणवायूही भरपूर होतो. सामू नऊच्या वर, वरून ऊन आणि भरपूर प्राणवायू, अशा तिहेरी माऱ्यात आतड्यातले जिवाणू टिकाव धरत नाहीत. गावोगावच्या सांडपाण्याची ऑक्सिडेशन तळी याच तत्त्वावर चालतात: जिवाणू घाण कुजवितात आणि कर्बवायू देतात, शेवाळ तो घेऊन प्राणवायू परत देते. तळे हिरवे असणे हे तिथे काम चालू असल्याचे लक्षण समजतात. (सभासदांपैकी कोणी विचारील म्हणून सांगतो: डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशच्या तळ्यात हे घडत नाही. त्या काळ्या पाण्यात ऊनच शिरत नाही, मग शेवाळ कुठून येणार?)

रात्री मात्र उलटे होते. ऊन नाही, तेव्हा शेवाळ स्वतःच प्राणवायू खाते, कर्बवायू सोडते, सामू खाली येतो. पहाटे शेततळ्यातले मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात ते यामुळे.

शेतात कामाचे काय?

शेवाळ आणि जमीन यांचे नाते आपल्याकडे नवे नाही. भातखाचरातले नील-हरित शेवाळ हवेतला नत्र जमिनीत आणते, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखविले. बनारसचे प्रा. आर. एन. सिंह यांनी १९५० साली उत्तरेकडच्या 'उसर' म्हणजे चोपण जमिनी बांध घालून, पाणी साठवून, नील-हरित शेवाळाच्या साह्याने सुधारता येतात असे मांडले. शेवाळाच्या चिकट द्रव्याने मातीचे कण बांधले जातात आणि मेलेले शेवाळ जिवाणूंचे खाद्य होते. आपल्या सरीत लागणीनंतर पहिले दोन-तीन महिने ओलीवर जी हिरवी साय दिसते ती यातलीच. उसाने एकदा रान झाकले की सावलीत ती आपोआप जाते. ती पाहून घाबरून औषध मारू नये. मात्र रान सतत हिरवे-बुळबुळीत राहते याचा अर्थ पाणी जास्त होते आहे. क्षारपड जमीन शेवाळाने सुधारेल म्हणून चर काढायचे कोणी टाळू नये. निचरा नसेल तर शेवाळही काही करू शकणार नाही.

आता शेततळे. कॅनॉलची पाळी लांबते म्हणून आपल्याकडे शेततळी वाढली, त्यावर ठिबक आले. उन्हाळ्यात तळ्यात खताचे पाणी झिरपून येते, ऊन कडक असते आणि पाणी हिरवेगार होते. या पाण्याच्या बाबतीत चार ठिकाणी नुकसान होताना मी पाहतो.

पहिले बेणेप्रक्रियेचे. आपण हेक्टरी अ‍ॅसिटोबॅक्टर १० किलो आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू सव्वा किलो, १०० लिटर पाण्यात मिसळून त्यात टिपरी अर्धा तास बुडवितो. ते १०० लिटर पाणी कुठून आणता? बहुतेक वेळा जवळच्या शेततळ्यातून, आणि वेळ भर दुपारची, कारण मजूर तेव्हा मोकळे. हा अ‍ॅसिटोबॅक्टर उसातून प्रथम वेगळा केल्याचे १९८८ साली ब्राझीलमध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा त्या निबंधाच्या मथळ्यातच आम्ल सोसणारा असा उल्लेख होता. त्याला साडेपाचच्या आसपासचा सामू मानवतो. त्याला नऊ-साडेनऊ सामूच्या, खवट शेवाळाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून आपण काय मिळविणार? सगळाच जिवाणू मरेल असे माझे म्हणणे नाही. संवर्धनातली भुकटी आणि मळी थोडा बचाव करतात. पण पैसे मोजून आणलेला जिवाणू जिवंत पोचावा म्हणून एक पिंप विहिरीचे किंवा बोअरचे स्वच्छ पाणी आणणे काही अवघड नाही. तेही नसेल तर तळ्याचे पाणी दुपारऐवजी सकाळी लवकर, वरची साय टाळून, फडक्यातून गाळून घ्यावे.

दुसरे ठिबकचे. ड्रिपर बंद पडला की आपण म्हणतो, शेवाळ अडकले. तोटीत अडकते ते नुसते शेवाळ नसते. लॅटरलमध्ये अंधार असतो, तिथे शेवाळ वाढत नाही, मरते. मेलेल्या शेवाळावर जिवाणू वाढतात, ते चिकट लाळ तयार करतात आणि त्या लाळेत गाळ बसतो. मिलखाली रस साचला की जी बुळबुळीत साय धरते, तिचाच हा भाऊ. म्हणून सँड फिल्टर उलट्या प्रवाहाने धुणे, लॅटरलची टोके सोडून फ्लश करणे हे शेवाळ दिसू लागताच करावे, ड्रिपर बंद पडेपर्यंत थांबू नये. क्लोरीन सोडला असेल तर त्याच दिवशी त्याच नळीतून जिवाणू खत सोडू नये. हे सांगायला नको, पण दर हंगामात कोणीतरी सोडतोच.

तिसरे मोरचुदाचे. "साहेब, किलोभर मोरचूद टाकला, दोन दिवसांत तळं साफ," असे सांगणारे भेटतात. साफ झाले खरे, पण झाले काय? शेवाळ एकदम मेले. त्याच्या पोटातले सगळे एकदम पाण्यात आले. त्या खाद्यावर जिवाणू भरमसाट वाढले, त्यांनी प्राणवायू संपविला, मासे मेले, पाण्याला वास आला, आणि ठिबकमध्ये लाळ दुप्पट झाली. शिवाय तांबे गाळात बसून राहते. तळ्यावर सावलीचे कापड, कडेने खताचे पाणी येऊ न देणे, आणि शेवाळाची साय बांबूने ओढून बाहेर काढणे, हा मार्ग कष्टाचा असला तरी बरा. बाहेर काढलेले शेवाळ कंपोस्टच्या खड्ड्यात पाचटाबरोबर टाकावे.

चौथे जनावरांचे, आणि याबाबत मी कोणाचीही भीड धरणार नाही. पाण्यावर हिरव्या-निळसर रंगाचा तवंग आला असेल, रंग सांडल्यासारखा दिसत असेल, तर ते पाणी जनावरांना पाजू नका. १८७८ साली ऑस्ट्रेलियात एका सरोवरावरचा असा तवंग पिऊन मेंढ्या, घोडे, गुरे दगावली, तेव्हापासून जगभर याच्या नोंदी आहेत. प्रत्येक तवंग विषारी असतोच असे नाही, पण कोणता आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. मोरचूद टाकून शेवाळ मारले असेल तर धोका अधिक, कारण पेशीतले विष मोकळे होते. उकळल्यानेही ते जात नाही.

पिण्याच्या विहिरीबद्दल काही माय-भगिनींनी विचारले होते. ऑक्सिडेशन तळ्यात शेवाळ जंतू कमी करते म्हणून हिरव्या विहिरीचे पाणी शुद्ध आहे असा अर्थ काढू नये. विहिरीत सावली असते, सामू तितका चढत नाही, आणि शेवाळाच्या सांडलवंडीवर वाढणारे जिवाणू तिथे असतातच. ब्लीचिंग पावडर नेहमीच्या मापाने टाकली तर तिच्यातला क्लोरीन आधी शेवाळच खाऊन टाकते आणि जंतूंना काही उरत नाही. म्हणून आधी साय काढावी, पाणी उपसावे, मग पावडर टाकावी.

ज्यांना आपल्या तळ्याच्या पाण्याचा सामू पाहावयाचा आहे त्यांनी आपल्या भागाच्या गट ऑफिसात नमुना द्यावा. एक बाटली सूर्योदयाच्या वेळची आणि एक दुपारी तीनची, अशा दोन आणाव्यात. बाटली त्याच पाण्याने तीनदा खंगाळून, तोंडापर्यंत भरून, घट्ट बूच लावावे आणि सावलीत ठेवून त्याच दिवशी पोचवावी. दुपारची बाटली रात्रभर घरात ठेवून दुसऱ्या दिवशी आणली तर सामू उतरलेला असतो आणि तपासणीचा उपयोग होत नाही. बाटलीवर नाव, गट नंबर आणि वेळ लिहिण्यास विसरू नये.